वस्तुसंग्रह आणि वस्तुनाम

जुनी रुप्याची वा पितळेची भांडी वजनावर विकून मोडीत काढावी, हा प्रपंचातला नेहमीचा व्यवहार. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी अशाच वस्तूंतील घडण पारखून त्या जपल्या आणि १९७५ साली आपला पुण्यातील संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या या संग्राहकाची दृष्टी रसिकाची होय. तथापि रसिकता हे संग्रहाचे एकच अंग झाले. विड्याचे साहित्य पाहावे : ‘तबक’ मूळचे अरबी, ‘पानदाना’तील उत्तरपद फारसी, तर ‘अडकित्ता’ कानडीतून आलेला. धातुवार मांडणी केली, तर रुप्याचे पानदान एकीकडे व पितळी अडकित्ता दुसरीकडे जातो; वापराने आणि भाषेने ज्यांना एकत्र आणले, त्यांची ताटातूट होते. म्हणून कोणत्याही संग्राहकाने वस्तू स्वीकारतानाच तिचे घरगुती नाव, तिच्या भागांची नावे आणि तिचा वापर यांची नोंद करून घेणे अगत्याचे आहे. भांडे मोडीतून सोडविता येते. वापरणाऱ्या पिढीबरोबर गेलेला शब्द मात्र कोणत्याही जुन्या बाजारात पुन्हा मिळत नाही.