ताशाची तर्री आणि परवडणारा मायक्रोफोन

दिवाळी अंकासाठी यंदा कशावर लिहिणार, असे संपादकांनी विचारले तेव्हा मी "मायक्रोफोनवर" असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर सामसूम. मग हळूच प्रश्न आला, "नाट्यगृहातल्या का?" नव्हे. ढोल-ताशाच्या सरावाचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी बेताच्या प्राप्तीच्या माणसाने कोणता मायक्रोफोन घ्यावा, याची परीक्षा मला करावयाची आहे. आजवर मी पुस्तकांवर टीका लिहिली, नाटकांवर लिहिली. मग जे यंत्र आपल्या वतीने ऐकते आणि ऐकलेले जपून ठेवते, त्याला टीकेतून सूट का द्यावी?

याला एक घरगुती कारण आहे. माझी भाची पुण्यातल्या एका पथकात ताशा वाजवते. तिला ताशा शिकवणारे नाना 2023 च्या पावसाळ्यात शेवटचे मनासारखे वाजवून गेले. नदीकाठची पत्र्याची शेड, वर पाऊस, समोर तीस ढोल. नानांनी एका काडीने अगदी हलकी सुरुवात केली आणि बघता बघता तर्री अशी उचलली की पोरांनी टिपरू थांबवून कान दिले. त्या वर्षाअखेर त्यांच्या हाताला कंप सुटला. आता त्यांना काडी धरता येते, पण तर्री येत नाही. त्या संध्याकाळचे मुद्रण मात्र आहे. पोरांपैकी एकाने मोबाइलवर केलेले.

ते मी समीक्षकाच्या कानांनी दहा वेळा ऐकले. मोबाइलमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करणारी एक व्यवस्था असते. बोलण्यासाठी ती उपकारकच. कोणी कुजबुजले तर वर उचलते, ओरडले तर खाली दाबते. नानांची हलकी सुरुवात तिने प्रेमाने उचलून धरली. त्यावर पहिला ढोल पडताच ती दचकली आणि सारेच दाबून बसली. पुढे दर थापेला तेच. दोन थापांमधल्या फटीतून ताशा वर येतो आणि पुढच्या थापेला पुन्हा बुडतो. पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या माणसासारखा. तर्रीच्या ऐन जागी तर लाटेचा माथा कापला जाऊन नुसता चिरका खरखराट उरला आहे. भाचीला नानांची नेमकी तीच जागा शिकायची आहे. "मामा, इथे डावी काडी आधी की उजवी?" असे ती विचारते, आणि मुद्रण काही सांगत नाही.

तेव्हा आम्ही पैसे जमवून एक खिशात मावणारा ध्वनिमुद्रक घेतला. दिसायला देखणा. विक्रेत्याने "32 बिट फ्लोट" हा मंत्र तीनदा म्हटला : आवाज कितीही मोठा येऊ द्या, मुद्रण फाटणार नाही! हे अर्धे खरे आहे. आकड्यांच्या वहीत जागा अपुरी पडत नाही, हे खरे. परंतु वहीत लिहिण्यापूर्वी ऐकावे लागते, आणि ऐकणारा कान त्याच छोट्या डबीत बसवलेला कंडेन्सर मायक्रोफोन. अशा अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत मर्यादा दिलेली असते : 120 डेसिबल. आकडा मोठा वाटतो. पण ताशाच्या तोंडाशी हातभर अंतरावर नेले की काडीचा नुसता कडाका त्या मर्यादेला जाऊन भिडतो. कान फाटल्यावर वही कितीही मोठी असली तरी लिहिणार काय? माझा या यंत्रावर राग नाही. कोपऱ्यात, दहा-बारा पावलांवर ठेवले तर सबंध पथकाचा देखावा ते छान टिपते. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, हा नियम त्याच्या मदतीला धावतो. पण पत्र्याच्या शेडमध्ये तेवढ्या अंतरावर पोचतो तो निम्मा ताशा आणि निम्मा पत्रा.

अखेर आम्ही डायनॅमिक मायक्रोफोनकडे वळलो. याची रचना जवळजवळ बाळबोध आहे. एक पातळ पडदा, त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे, आणि भोवती लोहचुंबक. पडदा हलला की वेटोळे हलते आणि वीज उत्पन्न होते. कंडेन्सरच्या पोटात इवलासा वर्धक असतो, आणि मोठ्या आवाजाला बहुधा तोच आधी शरण जातो. याच्या पोटात तसे काही नाही. बाहेरून 48 व्होल्टही पुरवावे लागत नाहीत. जाणकार याला थोडा बहिरा म्हणतात; सतारीच्या मिंडीसाठी मीही हा सुचवणार नाही. परंतु तीस ढोलांपुढे बसवायचा तर थोडा बहिराच बरा.

या घराण्यातला प्रसिद्ध पुरुष म्हणजे शुअर कंपनीचा एसएम 57. तो 1965 साली निघाला, आणि पुढच्या वर्षी त्याचा गायकांसाठीचा भाऊ एसएम 58. साठ वर्षे झाली तरी दोघेही नोकरीत आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भाषणापुढे जो असतो तोच एसएम 57 गिटारच्या गर्जणाऱ्या स्पीकरपुढे आणि ड्रमपुढेही असतो. दोन्हीकडे त्याची मुद्रा सारखीच निर्विकार. त्याचा पल्ला 40 पासून 15,000 हर्ट्झपर्यंत. म्हणजे ताशाच्या अगदी टोकाचा, काचेसारखा चुरचुरीतपणा तो थोडा गोल करतो. हा दोष मी मान्य करतो. शिवाय वस्तूच्या फार जवळ नेला तर खालचे स्वर फुगवतो, त्यामुळे ढोलाला चिकटवून ठेवण्यात अर्थ नाही. बाजारात त्याच्या हुबेहूब नकला भरपूर आहेत, म्हणून घेताना दुकान ओळखीचे असावे. एवढेही परवडत नसेल तर साध्या बनावटीचे डायनॅमिक त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. आम्ही एक 57 आणि एक तसला गरीब नातेवाईक असे दोन घेतले. खरे सांगायचे तर ढोलांवर त्या गरिबाने मला लाजवले. डोळे मिटून ऐकताना दोनदा मी त्यालाच थोरला समजलो.

किमतीपेक्षा जागेने अधिक फरक पडला. हा मायक्रोफोन समोरचे ऐकतो आणि पाठीमागच्याकडे बरेचसे दुर्लक्ष करतो. आम्ही त्याचे तोंड ताशाकडे आणि पाठ ढोलांकडे केली, अंतर हातभर. एवढ्यानेच तर्री ढोलांच्या पुरातून मोकळी झाली. दुसरा ढोलांपुढे दोन पावलांवर. मुद्रणाची पातळी आधी हलक्या सुरुवातीवर लावण्याचा मोह होतो. तो आवरून सर्वांत मोठ्या थापेवर लावायची आणि तिच्याही वर थोडी जागा मोकळी सोडायची. मी स्वतः कानांत बोळे घालून उभा होतो. पोरे हसली. हसू देत.

गेल्या महिन्यात भाचीने नानांची ती जागा, जेवढी तिला आठवत होती तेवढी, वाजवली. ते मुद्रण घेऊन आम्ही नानांच्या घरी गेलो. त्यांनी हेडफोन कानांवर चढवले आणि डोळे मिटले. कंप सुटलेली बोटे मांडीवर चालू लागली. संपल्यावर म्हणाले, "पोरी, तिसऱ्या आवर्तनात डावी काडी मागं राहते तुझी." ती म्हणाली, "नाना, मोबाइलवर तसं ऐकू येत नव्हतं हो." "पुन्हा लाव," नाना म्हणाले, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी काड्या मागवल्या.