जनुक काढलेला उंदीर: पद्धतीचे यश आणि निष्कर्षाची मर्यादा

एखादे जनुक निकामी करावे, उंदरात कोणते व्यंग निर्माण होते ते पाहावे आणि त्यावरून त्या जनुकाचे कार्य ठरवावे, हा 'नॉकआउट' पद्धतीमागील विचार होय. मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स व ऑलिव्हर स्मिथीज यांना या कार्यासाठी २००७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. भ्रूणातील मूलपेशींमध्ये समजातीय पुनर्संयोजनाने नेमका बदल घडवून त्या पेशींपासून उंदरांचा वंश सिद्ध करणे, हे कौशल्य निःसंशय थोर आहे. तथापि कृती अचूक असली म्हणजे निष्कर्षही अचूक ठरतो, असे नव्हे.

कॅस्पेज-१ या विकराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दाहप्रक्रियेत भाग घेणाऱ्या या विकराचे जनुक काढलेले उंदीर १९९५ साली तयार झाले. जिवाणूंच्या अंतर्विषाची मारक मात्रा देऊनही ते जगले. साहजिकच अशा मृत्यूस कॅस्पेज-१ कारणीभूत मानले गेले. २०११ मध्ये कयागाकी व सहकाऱ्यांनी या समजुतीचा पायाच काढून घेतला. वापरलेल्या मूलपेशी '१२९' या वंशाच्या होत्या आणि त्या वंशात कॅस्पेज-११ चे जनुक मुळातच निकामी असते. ही दोन जनुके गुणसूत्रावर इतकी जवळ आहेत, की अन्य वंशाशी पिढ्यान्पिढ्या संकर करूनही ती एकत्रच संक्रमित होत राहिली. म्हणजे एक जनुक काढलेले समजले गेलेले उंदीर वस्तुतः दोन जनुकांना मुकलेले होते. आणि त्यांना वाचविले होते ते कॅस्पेज-११ च्या अभावाने! सोळा वर्षे प्रयोग चुकला नव्हता, त्याचे वाचन चुकले होते.

याउलट, व्यंग न दिसणे हाही निरुपयोगीपणाचा पुरावा नव्हे. १९९२ साली मायो-डी जनुक काढलेल्या उंदरांत स्नायू जवळजवळ सामान्य आढळले. परंतु १९९३ मध्ये मायो-डी व मायफ-५ ही दोन्ही काढताच कंकाल-स्नायू तयारच झाले नाहीत. एकाची उणीव दुसरे भरून काढत होते.

क्रिस्पर तंत्राने २०१३ पासून इष्ट वंशाच्याच भ्रूणात थेट बदल करता येतो. त्यामुळे शेजारच्या परक्या जनुकांचा दोष बराच टळतो. काढलेले जनुक पुन्हा घालून मूळ लक्षण परतते का, ही कसोटी मात्र अद्यापही आवश्यक आहे. आणि मायफ-५ सारख्या साहाय्यक जनुकाचा अडसर तर कोणत्याही कात्रीने आपोआप दूर होत नाही. तेथे दोन्ही जनुके काढलेला उंदीरच तयार करावा लागतो.