'दान' या शब्दापाशी थांबा : जपानची राष्ट्रीय संग्रहालयं कशी वाचायची?

संग्रहालयावर संशोधन करायचं ठरवलंत की आधी हाती लागतो तो संस्थेनं स्वतः लिहिलेला इतिहास. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयाचं उदाहरण घ्या. 1872 मध्ये युशिमा सेइदोला भरलेलं प्रदर्शन, 1882 मध्ये उएनोला स्थलांतर, 1923 च्या भूकंपात इमारतीची हानी, 1938 मध्ये आजची मुख्य इमारत खुली, 1947 मध्ये राजघराण्याच्या खात्याकडून शिक्षण मंत्रालयाकडे. मग नारा 1895, क्योतो 1897, क्युशू 2005. तारखा बरोबर आहेत. पण अशी यादी वाचली की संग्रह झाडासारखा आपोआप वाढला असं वाटायला लागतं. माझा आक्षेप त्यालाच आहे.

2022 मध्ये दीडशे वर्षांनिमित्त टोकियोनं आपल्या मालकीच्या सगळ्या, म्हणजे 89 'राष्ट्रीय ठेव्यां'चं प्रदर्शन भरवलं, वस्तू आलटूनपालटून मांडल्या. प्रसंग मोठाच. पण 'ठेवा' हा शब्द वस्तूचं आजचं मोल सांगतो, तिचा प्रवास नाही.

होर्युजी मंदिराचं बघा. 1868 मध्ये नव्या सरकारनं शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला. ठिकठिकाणी बौद्ध मंदिरांवर हल्ले झाले, नंतर जमिनी गेल्या, उत्पन्न आटलं. 1878 मध्ये होर्युजीनं तीनशेहून जास्त वस्तू राजघराण्याला अर्पण केल्या आणि मंदिराला 10,000 येन मिळाले. आज यातल्या बहुतेक वस्तू उएनोच्या आवारात वेगळ्या इमारतीत आहेत. याला 'दान' म्हणणं खोटं नाही. पण ज्याच्याकडे छप्पर दुरुस्त करायला पैसे नाहीत, त्याचं दान आणि धनिकाचं दान एकाच रकान्यात बसवायचं का?

दुसरं उदाहरण जास्त बोचरं. ओगुरा ताकेनोसुके हे वसाहतकाळात कोरियात वीज कंपनी चालवणारे जपानी उद्योजक. त्यांनी तिथे जमवलेल्या हजारावर वस्तू 1980 च्या दशकात या संग्रहालयाला 'दान' मिळाल्या. 1965 च्या करारानंतर सरकारी ताब्यातल्या काही वस्तू कोरियाला परत गेल्या होत्या, पण ओगुरांचा संग्रह तेव्हा खासगी होता, म्हणून तो बाहेर राहिला. पुढे तोच राष्ट्रीय झाला! नोंदीत उरतं फक्त देणाऱ्याचं नाव.

आता लगेच 'संग्रहालय म्हणजे लूट' असं लिहून मोकळे होऊ नका. मेइजी काळात कितीतरी जपानी कलावस्तू बोस्टनला गेल्या. सरकारी सर्वेक्षणं आणि संग्रहालयं नसती तर आणखी गेल्या असत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि प्रबंधात दोन्ही यायला हव्यात.

मग करायचं काय? चारही संग्रहालयांचा 'कोलबेस' हा डेटाबेस खुला आहे. एक छोटा गट निवडा आणि तक्ता करा : वस्तू कधी घडली, संग्रहालयात कधी आली, कोणाकडून आली, आणि देणाऱ्याची त्या वर्षी परिस्थिती काय होती. शेवटचा रकाना डेटाबेसमध्ये मिळणार नाही. तो कायदे, मंदिरांचे कागद, करार वाचून तुम्हालाच भरावा लागेल. शिवाय क्योतो आणि नारामध्ये मंदिरांनी फक्त सांभाळायला ठेवलेल्या वस्तूही भरपूर आहेत. मालकी मंदिराचीच. त्या वेगळ्या मोजा, नाहीतर पहिल्याच चर्चेत गाइड तुम्हाला अडवतील.

तो चौथा रकाना भरायला वेळ लागतो. पण तुमचं संशोधन तिथूनच सुरू होतं. पहिले तीन तर संग्रहालयानंच भरून ठेवलेत.