सीमा-घटक व परिमित-घटक पद्धतींचा संयोग

पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरी धरणासारख्या बांधकामास सीमा असते; त्याखालील भूस्तरास, गणितापुरती तरी, ती नसते. म्हणून धरण परिमित घटकांनी व भूस्तर सीमा-घटकांनी मांडणे युक्तच होय. झिएंकिएविच, केली व बेटेस यांनी १९७७ मध्ये या संयोगाचा पुरस्कार केला. तथापि बिंदुशः मांडलेल्या सीमा-समीकरणांतून निघणारा दृढता-आव्यूह सामान्यतः असममित असतो. पंक्ती-स्तंभ उलटून सरासरी घेण्याचा प्रघात गणकाच्या सोयीचा खरा. परंतु अन्योन्यता-सिद्धान्तानुसार मूळ दृढता सममितच असल्याने ही असममिती विभाजनातील त्रुटीचे चिन्ह आहे. सरासरीने चिन्ह पुसले जाते, त्रुटी नव्हे! कोस्टाबेल यांनी १९८७ मध्ये दुसरे सीमा-समीकरण जोडून सममिती स्वभावतःच साधली. मात्र त्यातील संकल्य सीमेवर अनंताकडे धावतो, आणि त्याचे संकलन कष्टसाध्य ठरते.