राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील डिजिटल समतेचा विचार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
२५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि विद्यापीठीय अध्यापन पडद्यावर आले. त्याच वर्षी २९ जुलै रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास मान्यता दिली. या धोरणाचे चोविसावे प्रकरण ऑनलाइन शिक्षणाविषयी असून तंत्रज्ञानाच्या न्याय्य वापराची हमी त्याच्या शीर्षकातच आहे. ही हमी उच्च शिक्षणात कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धोरणाची भूमिका व मर्यादा :
डिजिटल दरी मिटल्याशिवाय ऑनलाइन शिक्षणाचे लाभ पदरी पडणार नाहीत, हे धोरण प्रांजळपणे मान्य करते. तथापि, ज्यांच्यापर्यंत इंटरनेट पुरेसे पोहोचलेले नाही त्यांच्यासाठी ते दूरचित्रवाणी, रेडिओ व सामुदायिक रेडिओ हा उपाय सुचवते. मूळ विसंगती येथेच आहे. या माध्यमांवर व्याख्यान ऐकता येते. पण स्वाध्याय पाठवता येत नाही, ई-ग्रंथालय उघडता येत नाही. परिणामी साधनसंपन्न विद्यार्थी संवादात सहभागी होतो, तर साधनहीन विद्यार्थी केवळ श्रोता उरतो.

आकडेवारीचे वाचन :
राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेट सुविधा होती. संगणकाचे प्रमाण अनुक्रमे २३.४ व ४.४ टक्के होते. त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार बराच वाढला, हे खरे. परंतु येथे मोजणीचे एकक कुटुंब आहे. घरातील एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर आकडेवारीत ते घर सुविधायुक्त ठरते आणि त्याच घरातील मुलगी सकाळच्या तासिकेला गैरहजर राहते. शिवाय फोनच्या लहान पडद्यावर प्रकल्प-अहवाल लिहिणे वा सांख्यिकीची उदाहरणे सोडविणे जिकिरीचे असते.

निष्कर्ष :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करण्याची मुभा दिली. त्यामुळे हा प्रश्न टाळेबंदीपुरता राहिलेला नाही. इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्येच मान्य केले होते. या कसोटीवर धोरणाची भाषा अपुरी पडते. श्रेयांक इंटरनेटवर अवलंबून असतील, तर साधन पुरविणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते. प्रवेशाच्या वेळीच साधनांची विद्यार्थीनिहाय नोंद, सायंकाळी खुली असणारी संगणक प्रयोगशाळा आणि ग्रंथालयातून पुस्तकाप्रमाणे घरी नेता येणारा संगणक, एवढी व्यवस्था झाल्याखेरीज ऑनलाइन गैरहजेरीचे खापर विद्यार्थ्याच्या माथी फोडणे न्याय्य ठरणार नाही.