व्यसनमुक्तीच्या कार्यातील 'सहचरी' : समाजकार्याच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात व्यसनमुक्तीच्या कुटुंबकेंद्री पद्धतीची समाजकार्याच्या अंगाने चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र समोर ठेवले आहे. अनिल अवचट यांचे 'गर्द'विषयक लेखन वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू झाले.

व्यसनी माणूस गुन्हेगार नव्हे, तो आजारी आहे, ही भूमिका आज सर्वमान्य वाटते. अमली पदार्थविषयक कायदा मात्र १९८५ चा, आणि तो मुख्यतः शिक्षेचा. त्यात पुढे समाविष्ट झालेल्या कलम ६४-अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. या तरतुदीची माहिती किती समुपदेशक रुग्णाला देतात, हा प्रश्नच आहे.

औषधांनी शरीराची तडफड काही दिवसांत शमते. माणूस मात्र त्याच वस्तीत, त्याच मित्रांत परततो. समाजकार्याचे काम खऱ्या अर्थाने येथून सुरू होते. व्यक्तिसहाय्य कार्य व गटकार्य या दोन पद्धती आपल्याकडील केंद्रांत बऱ्यापैकी रुजल्या आहेत. समुदाय संघटन मागे पडले, आणि त्याची उणीव घरातील स्त्री भरून काढते.

रुग्णांच्या पत्नींसाठी मुक्तांगणने 'सहचरी' हा आधारगट उभा केला. एकटीने सोसणाऱ्या स्त्रियांना बोलण्यासाठी हक्काची जागा मिळाली, हे त्याचे मोल निर्विवाद होय. तरीही हे नाव विचार करायला लावते. येथे स्त्रीची ओळख नवऱ्याच्या नात्यानेच होते. तो पुन्हा प्यायला तर 'तुझेच लक्ष नव्हते' हे सासरचे वाक्य तिला नवीन नसते; उपचारपद्धतीनेही नकळत तेच सुचवावे काय?

दोष इतरांना देण्याचे कारण नाही. आमच्याच विभागाच्या क्षेत्रकार्य नोंदवहीत 'पत्नीचे सहकार्य' असा रकाना अनेक वर्षे होता. पत्नीच्या गरजांसाठी मात्र एक ओळही नव्हती. गहाण पडलेले मंगळसूत्र, बचत गटाचे थकलेले हप्ते, मारहाण, हे सारे 'इतर माहिती'त जाई. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आमचे विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करीत. गृहभेटीत तो त्यांना आठवत नसे. नवरा उपचार सोडून गेला की प्रकरण बंद होई, आणि तिच्याकडील भेटीही थांबत.

हा रकाना बदलावा असा प्रस्ताव विभागाच्या बैठकीत मांडला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "मग केस कोणाच्या नावावर उघडायची?" दोघांच्या नावे, स्वतंत्र क्रमांकाने, असे माझे उत्तर होते. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.