पिन-नियंत्रकाच्या ड्रायव्हरमधील इंटरप्ट-हाताळणी : एक चिकित्सा

(१)

संगणकाच्या कार्यप्रणालीचे जे अध्ययन आपल्या विद्यापीठांतून होते, त्यात प्रक्रियांचे नियोजन, स्मृतीची व्यवस्था आणि फाइलींची रचना ह्या विषयांस मानाचे स्थान असते. ड्रायव्हरचा विचार मात्र बहुधा परिशिष्टात उरकला जातो. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या माहितीपत्रकाचा यांत्रिक अनुवाद, त्यात विचार करण्याजोगे काही नाही, असा समज ह्यामागे असावा. हा समज कितपत खरा आहे, हे एका लहानशा ड्रायव्हरच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लिनक्स कर्नलमधील एएमडी कंपनीच्या चिपांसाठी असलेला पिन-नियंत्रकाचा ड्रायव्हर त्यासाठी निवडला आहे. तो २०१५ साली कर्नलमध्ये दाखल झाला आणि पुढील आठ वर्षांत त्याच्या इंटरप्ट-हाताळणीत वारंवार दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्या दुरुस्त्या एकत्र वाचल्या असता त्यांच्या मुळाशी एकच दोष दिसतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम विषयाची मांडणी करू. चिपला ज्या पिना असतात त्यांपैकी बहुतेकींची भूमिका ठरलेली नसते. एकच पिन कधी संदेशवाहिनीचा भाग होते, तर कधी साधी चालू-बंद अवस्था दाखविते. ही भूमिका ठरविणारा चिपमधील घटक म्हणजे पिन-नियंत्रक होय. लिनक्समध्ये त्यासाठी लिनस वालेइ ह्यांनी रचलेली स्वतंत्र उपप्रणाली जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.२ ह्या आवृत्तीपासून आहे. पिनेवरील अवस्था बदलली की प्रोसेसरला इंटरप्ट द्यावा, अशीही योजना असते. टचपॅडवर बोट ठेवले, किंवा लॅपटॉपचे झाकण उघडले, की ही वार्ता एखाद्या पिनेवाटे येऊ शकते.

परंतु प्रत्येक पिनेसाठी प्रोसेसरपर्यंत स्वतंत्र रेषा नसते. सर्व पिनांचे इंटरप्ट एकाच रेषेवर एकवटतात आणि ते कोणत्या पिनेचे हे ड्रायव्हरने शोधावयाचे असते. टपालाची थैली एकच यावी आणि आतील पत्रांची वर्गवारी कचेरीत व्हावी, तसा हा प्रकार आहे. एएमडीच्या चिपांत ह्यासाठी ४६ बिटांची स्थिती वाचावयाची असते. त्यातील एकेक बिट चार पिनांचे प्रतिनिधित्व करते, म्हणून बिट लागलेले दिसल्यावर त्या चारही पिनांची रजिस्टरे तपासावी लागतात. म्हणजे ह्या ड्रायव्हरला दोन भूमिका आहेत. वरच्या नियंत्रकाच्या दृष्टीने तो इंटरप्ट घेणारा आहे, तर टचपॅडादी उपकरणांच्या ड्रायव्हरांच्या दृष्टीने तो स्वतःच इंटरप्ट देणारा नियंत्रक आहे. पुढील सर्व अडचणी ह्या दुहेरीपणातून उद्भवतात.

(२)

वर्गवारी करणारे कार्य वरच्या रेषेशी दोन रीतींनी जोडता येते. पहिल्या रीतीत ते त्या रेषेला साखळीप्रमाणे थेट जोडले जाते. रेषेवर इंटरप्ट येताच कर्नलची नेहमीची मधली यंत्रणा वगळून हे कार्य चालू होते. दुसऱ्या रीतीत ते एखाद्या सामान्य उपकरणाच्या कार्याप्रमाणे कर्नलकडे नोंदवावे लागते आणि प्रत्येक वेळी ‘हा इंटरप्ट माझा होता’ किंवा ‘माझा नव्हता’ असे उत्तर द्यावे लागते.

पहिली रीत वेगवान आहे व रचनेच्या दृष्टीने सुबकही आहे. मधला नियंत्रक हा नियंत्रकच, त्याला उपकरणाच्या पंक्तीस का बसवावे, हा तिच्यामागील युक्तिवाद निराधार नाही. परंतु तिची किंमत पाहिली पाहिजे. कर्नलमध्ये निनावी इंटरप्टांवर लक्ष ठेवणारी एक व्यवस्था आहे. एखाद्या रेषेवरील १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक इंटरप्टांस कोणीच ‘माझा’ म्हटले नाही, तर ती रेषा कर्नल बंद करतो. ही व्यवस्था उत्तरांच्या हिशेबावर चालते. साखळीने जोडलेले कार्य उत्तर देतच नाही. म्हणून ते ह्या हिशेबाबाहेर राहते.

(३)

ह्याचा प्रत्यय २०१७ साली आला. तेव्हा नव्याने आलेल्या रायझन प्रोसेसराच्या एका यंत्रावर हा ड्रायव्हर सुरू होताच यंत्र पूर्णपणे गोठत असे. कारण इंटरप्टांचे वादळ हे होते. इंटरप्ट संपतो न संपतो तोच पुन्हा उठे आणि प्रोसेसरला दुसरे काही करण्यास उसंत मिळत नसे. दोष चिपचा, फर्मवेअरचा की दोहोंचा, हे त्या वेळी स्पष्ट झाले नाही. कर्नलच्या इंटरप्ट-व्यवस्थेचे प्रमुख शिल्पकार थॉमस ग्लाइक्सनर ह्यांनी मे २०१७ मध्ये केलेली दुरुस्ती अशी होती : त्यांनी साखळी काढून टाकली आणि वर्गवारीचे कार्य सामान्य रीतीने नोंदविले. त्यामुळे वादळ कर्नलच्या नजरेस येऊ शकले आणि यंत्र सुरू होऊ लागले.

ह्या दुरुस्तीचे महत्त्व मान्य करूनही तिची मर्यादा सांगितली पाहिजे. तिने वादळाचे कारण दूर केले नाही. वादळात यंत्र बुडू नये एवढी तजवीज केली. शिवाय कर्नल बंद करतो ती वरची रेषा. एका पिनेच्या अपराधासाठी तिच्याखालील सर्वच पिनांचे कामकाज थांबते. थैलीत एक निनावी पत्र वारंवार येते म्हणून सगळ्या गावाचे टपाल बंद करावे, तसेच हे झाले. यंत्र सुरू होते, पण टचपॅड मुका राहू शकतो. सारांश, कर्नलच्या देखरेखीखाली राहणे ही चांगल्या ड्रायव्हरची आवश्यक अट आहे. पुरेशी अट नव्हे.

(४)

त्याच वर्षी दुसरा दोष उघडकीस आला. तो आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो, कारण तेथे चिपला किंवा फर्मवेअरला बोल लावण्यास जागा नव्हती. काही लॅपटॉपांवरील टचपॅड थोडा वेळ वापरल्यावर, किंवा त्यावर दोन बोटे ठेवताच, प्रतिसाद देईनासा होई. घटनाक्रम असा होता. वर्गवारीचे कार्य पिनेचे रजिस्टर वाचून त्याची किंमत स्वतःजवळ ठेवी. मग ते टचपॅडच्या इंटरप्टाची हाताळणी सुरू करून देई. त्या हाताळणीच्या ओघात, काम पुरे होईपर्यंत पिनेने पुन्हा इंटरप्ट देऊ नये म्हणून, त्याच रजिस्टरात रोधाची खूण केली जाई. परत आल्यावर वर्गवारीचे कार्य इंटरप्ट निकालात काढण्यासाठी जवळ ठेवलेली जुनी किंमत रजिस्टरात लिही आणि त्याबरोबर नुकतीच केलेली रोधाची खूण पुसली जाई.

दुरुस्ती अवघ्या काही ओळींची होती : लिहिण्यापूर्वी रजिस्टर पुन्हा वाचावे, आणि वाचणे व लिहिणे ह्यांच्या दरम्यान कुलूप लावावे. परंतु तिच्यामागील तत्त्व मोठे आहे. यंत्राचे रजिस्टर हे स्मृतीतील चल नव्हे. मधल्या काळात दुसऱ्याने, आणि तेही आपणच बोलाविलेल्याने, ते बदललेले असू शकते. ड्रायव्हर दोन भूमिका करतो हे मूळ लेखकास ठाऊक नव्हते असे नाही. पण एका भूमिकेतील आपण दुसऱ्या भूमिकेतील आपल्याच लिखाणावर बोळा फिरवीत आहोत, हे त्याच्या लक्षात आले नाही.

(५)

२०१८ सालच्या दुरुस्तीने तिसरी बाजू दाखविली. ज्या पिनेचा इंटरप्ट तिची पातळी उंच राहील तोवर कायम असतो, तिच्यावर रोध असतानाही ‘इंटरप्ट प्रलंबित’ ही खूण दिसत राहते. तेवढ्यात दुसऱ्या पिनेचा इंटरप्ट आला, तर वर्गवारीचे कार्य ही जुनी खूण पाहून पहिल्या पिनेचीही हाताळणी चुकीने पुन्हा सुरू करी. म्हणून खुणेबरोबर रोधही तपासावा, असे ठरले. रायझनवरील मूळ वादळ ह्याच चुकीतून उठले असेल काय, असा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या टिपणात नमूद करून ठेवला आहे. तो अनिर्णीत असला, तरी ग्लाइक्सनर ह्यांच्या दुरुस्तीबद्दल वर जे म्हटले त्यास तो पूरक आहे.

चौथी दुरुस्ती २०२३ सालची. यंत्र निद्रेत जाऊन परतताना काही फर्मवेअरे अशा पिनेवर इंटरप्ट चालू ठेवून देत, की जिचा कर्नलमध्ये कोणी वापरच करीत नव्हते. त्यातून पुन्हा वादळ उठे. ह्यासाठी ड्रायव्हरमध्ये आधीपासून एक तपासणी होती. परंतु तिचा रोख एकेका पिनेवर नव्हता, त्यामुळे ती निरर्थक होती. नव्या तपासणीत ‘ही पिन इंटरप्टासाठी कोणी घेतली आहे काय’ हे पाहिले जाते, आणि घेतली नसल्यास तिच्यावर रोध घातला जातो. येथे वरची रेषा बंद करावी लागत नाही. अपराधी पिनच तेवढी बंद होते.

(६)

चारही दोषांच्या मुळाशी गृहीतके आहेत. यंत्र शिस्तीने वागेल. वाचलेली किंमत टिकून राहील. प्रलंबित दिसते ते हाताळावयाचेच असेल. आलेल्या इंटरप्टाला धनी असेलच. ह्यांपैकी एकही गृहीतक मूर्खपणाचे नाही, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली.

साखळीची रीत सर्वत्र त्याज्य आहे, असा निष्कर्ष येथून काढणे मात्र अतिरेकाचे होईल. जेथे चिप व तिची जुळणी एकाच हातची आहे, तेथे ती शोभते. कर्नलच्या दस्तऐवजांतही साखळी, सामान्य नोंदणी आणि निद्राक्षम सूत्र असे तिन्ही प्रकार मांडले आहेत. त्यांपैकी तिसरा आयटूसी वा एसपीआयसारख्या मंद वाहिनीपलीकडील पिनांसाठी आहे. मात्र फर्मवेअर एकाचे, बोर्ड दुसऱ्याचे आणि चिप तिसऱ्याची, अशी जेथे स्थिती आहे, तेथे वेगापेक्षा उत्तरदायित्वास अधिक मोल द्यावे, असे आमचे मत आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असा एखादा ड्रायव्हर आणि त्यावरील सर्व दुरुस्त्यांची टिपणे कालक्रमाने वाचावीत. इंटरप्ट आल्यावर काय करावे हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. ज्याला धनी नाही, जो अवेळी आला, किंवा जो आपल्याच कृतीमुळे पुन्हा उठला, त्या इंटरप्टाचे काय करावे, ह्याचे उत्तर त्या टिपणांत आहे. आणि ड्रायव्हरची परीक्षा त्याच प्रश्नावर व्हावयास हवी.